पाहुणे येण्याआधी गळा आवळून घ्यावा का

आई, गेल्या महिन्यात मी कातडीच्या डॉक्टरकडे गेले होते. पुरळ नाही, खाज नाही. हनुवटीखालची कातडी सैल पडलीय, ती आवळून घ्यावी का, एवढंच विचारायला. तू असतीस तर जेवता जेवता हात थांबवून माझ्याकडं बघत बसली असतीस.

तू गेल्यापासून या दोन खोल्यांत मी एकटीच आहे. वारणेच्या कॉलेजात ऑफिसच्या कामाला जाते, संध्याकाळी परत येऊन एका माणसाचा भात लावते. रविवारी कधी दादाकडं जेवायला जाते. तिथंच वहिनीनं विषय काढला. इचलकरंजीचे एक गृहस्थ आहेत, यंत्रमागवाले, बायको वारलेली, मुली सासरी. "वन्सं, आता तरी न्हाय म्हणू नका," ती म्हणाली. "राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरकडं नवं मशीन आलंय. कापाकापी न्हाय, काय न्हाय. पावणं यायच्या आदी गळा जरा नीट करून घ्या की." तिचं मन वाईट नव्हतं. दिसतं ते बोलली.

मला मात्र ती गडहिंग्लजची माणसं आठवली. मी तिशीला आलेली. तू आत पोहे परततेयस, मी बाहेर खाली मान घालून बसलेय, आणि मुलाची आत्या माझी हनुवटी न्याहाळत म्हणते, "पोरगी जरा थोराड दिसतीया." तू कढई उतरवून बाहेर आलीस. "चहा घ्या आनि निघा पावणं. यश्टी चुकंल." ती माणसं गेल्यावर पदरानं माझी पावडर खसाखसा पुसलीस. "तोंड हाय ते, भित न्हवं रंगवायला." मला तेव्हा तुझा अभिमानच वाटला. पण आई, त्या मुलानं मला, काय वाचता, असं विचारलं होतं. तोवर तसं कुणी विचारलं नव्हतं. दारातून त्यानं एकदा वळून बघितलं. मला तो पसंत होता का, हे तू विचारलं नाहीस, आणि मीही बोलले नाही. पुढं स्थळं आटत गेली, मग तुझं आजारपण आलं.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिनं शांतपणे समजावलं. सोनोग्राफीत असतात तसल्याच लहरी, पण एका जागी एकवटून सोडतात. कातडीच्या आत त्यांची धग पोचते, आणि मग कातडी आपसूक हळूहळू आवळत जाते. करताना टोचल्यासारखं दुखतं.

"किती फरक पडेल?" मी विचारलं.

"थोडा. फार सैल कातडीला याचा उपयोग नसतो, तुमची मधली आहे. पण खात्री मी देणार नाही. आणि जो काही फरक पडेल तो दिसायला दोन-तीन महिने जातात." मग तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, कधीपर्यंत हवंय?"

"पुढच्या रविवारी पाहुणे यायचेत."

ती हसली नाही. "मग त्यांच्यासाठी नको," म्हणाली. "तुम्हाला स्वतःला आरशात खुपत असेल तर विचार करा. घाई काहीच नाही."

घरी येऊन मी खूप वेळ आरशासमोर बसले. मला खुपतंय का, हे खरंच सांगता येईना. वहिनीला फोन करून मशीन नको म्हणून कळवलं.

गृहस्थ आले. केसांना कलप केलेला, कानाजवळची कातडीही काळी झालेली. बोलायला सरळ होते. तासभर गेलेल्या बायकोबद्दलच बोलले, ती आमटी कशी करायची, दुपारी मागांच्या खडखडाटातही कशी झोपायची. मी ऐकत राहिले आणि मला ते आवडत गेले. चार दिवसांनी निरोप आला, त्यांना जरा तरुण बाई पाहिजे. दादा चिडला. या खेपेला दार दाखवायला कुणी नव्हतं, आणि आई, असतं तरी मी अडवलं असतं.

हे लिहून कपाटात ठेवणार आहे. फक्त एक राहिलं. तपासताना त्या डॉक्टर मुलीनं माझ्या हनुवटीखाली बोटं ठेवली, चेहरा हळूच उजेडाकडं वळवला, गालावरून अंगठा फिरवला. तू गेल्यापासून माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. ते मशीन मला नकोच आहे. तरी परवा फोन करून मी पुन्हा वेळ घेतलीय. अजून विचार करतेय, असं सांगितलं.