बावीस वेळा

नाना, शिरपूरच्या शाळेत तुम्ही आम्हाला आठवीला गणित शिकवायचात आणि तिथं मलाही तुम्हाला 'सर'च म्हणावं लागे. एकदा तुम्ही विचारलंत, "दिवस-रात्र मिळून घड्याळाचे दोन्ही काटे किती वेळा एकमेकांवर येतात?" सगळा वर्ग ओरडला, चोवीस. मी म्हणाले, बावीस. तुम्ही डस्टर आपटलंत. "घरी माझी पुस्तकं चाळायची आणि इथं हुशारी दाखवायची?" तास संपेपर्यंत मी उभी. संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तुम्ही गजराचं घड्याळ माझ्यापुढे ठेवलंत, "दाखव." मी मागची चावी फिरवत गेले. एक वाजून गेल्यावर काटे भेटतात, मग दोन वाजून गेल्यावर, दर वेळी थोडं आणखी उशिरा. अकरानंतर मात्र मोठा काटा लहान्याला गाठतो तो थेट बारालाच. म्हणून बारा तासांत अकराच भेटी. "कुणी सांगितलं तुला?" "कुणी नाही. वर्गात डोक्यातच फिरवलं." दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काल मी माझ्या मुलीवर खोटा आळ घेतला. माझं चुकलं." चारचौघांत मुलीला असं म्हणणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता.

धुळ्याच्या डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला, तेव्हा तुम्ही निवृत्तही झाला नव्हतात. "सर, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." गोल सुरेख काढलात, फळ्यावर काढायचात तसा. मग सगळे आकडे उजवीकडेच, एकावर एक. पेन्सिल थांबली. शाळेत कधी अहिराणी न बोलणारे तुम्ही माझ्याकडे वळलात, "काटा कोठे शे, बेटा?" मला राहवेना. मी तेच कोडं घातलं. "चोवीस," तुम्ही लगेच म्हणालात. मी "बरोबर" म्हणाले आणि तुम्ही किती खूश झालात. पुढं आईच तुम्हाला घास भरवायची. शेवटी शेवटी तुम्ही तिला 'अक्का' म्हणू लागलात. ती ओ देत राहिली, आणि भांडी घासायला गेली की तिकडेच रडायची.

आता मी तुमच्या त्या वयाची आहे. जळगावात गणितच शिकवते. गेल्या महिन्यात फळ्यावर साधं समीकरण सोडवताना मधेच थांबले. पुढची पायरी सुचेना. मुलींना वाटलं, बाई मुद्दाम विचारतायत. एकीनं उठून सांगितली. मी "शाब्बास" म्हणून खडू तिच्या हातात दिला. घरी अजून कुणाला बोललेले नाही, आणि डॉक्टरकडे जायचं टाळते आहे. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.