आजीच्या खेळातली निळी टाकी

दि. ९ नोव्हेंबर, रविवार दुपार

ती. आईस,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण तू 'छान आहेत' म्हणणार आणि खुर्चीतून उठताना भिंत धरणार.

भिंगरीचा दात पडला. अगदी समोरचाच. आता 'स' म्हटलं की शिट्टी वाजते, म्हणून नव्या शाळेतली पोरं तिला मुद्दाम बोलायला लावतात. मला लाँड्रीत काम मिळालंय, हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायचं. दिवसभर वाफेत उभं राहून पाय भरून येतात, पण अंगावर कुणी ओरडत नाही. एवढ्याचंसुद्धा अप्रूप वाटतं बघ.

हे घरही पालिकेचंच, पहिल्यासारखं. नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांसाठी अशी घरं असतात, पण फार थोडी. दारावर पाटी नाही. खोली आमची दोघींची, स्वयंपाकघर सगळ्यांचं, आणि फ्रिजमधल्या दुधावरून सकाळी हमखास कुरबुर. कालचं माझं दूध कुणी संपवलं ते मला माहीत आहे, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. तुझी मुलगी सुधारली म्हणायची.

पहिल्या घराचे पाइप फुटले म्हणून आम्हाला इथे हलवलं, असं मी तुला फोनवर सांगितलं. तू पालिकेच्या नावानं यथेच्छ बोटं मोडलीस. आई, पाइप फुटले नव्हते. हे तुला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. जरा बसून वाच.

तो आला होता. मी भिंगरीला शाळेतून घेऊन येत होते आणि तो बेकरीपाशी उभा होता. आम्ही धावत सुटलो. घर सांभाळणाऱ्या वॉर्डनबाईंनी आम्हाला आत ओढलं, पण फाटक लावता लावता त्यानं ते असं हिसकलं की त्यांचा हात मध्ये सापडला. दोन बोटं मोडली. पोलीस येईपर्यंत तो बाहेरून ओरडत होता.

"तुझ्या आईनंच सांगितलं मला, खिडकीतून निळी टाकी दिसते म्हणून. खाली बेकरी आहे म्हणून. आता कुठं लपशील?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमचा दोघींचा तो खेळ. तुला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही, म्हणून रोज फोनवर तू विचारायचीस, "भिंगरे, तुझ्या खिडकीतून आज काय दिसतं?" ती टाकी सांगायची, बेकरीवाल्याचं मांजर सांगायची. मग तू तुझ्या खिडकीतलं सांगायचीस, निम्मं मनचंच. पत्ता कुणालाही सांगायचा नाही हे मी तिला घोकून घोकून शिकवलं होतं, आणि तिनं तो सांगितला नाही. तूही नाही सांगितलास. तो तुझ्या दारात येऊन रडला, आणि पोरगी मजेत आहे, खिडकीतून निळी टाकी बघते, खालची बेकरी बघते, एवढंच तू बोललीस. नंतर मला किती अभिमानानं म्हणालीस, की जावई एवढा रडला पण मी पत्ता काही दिला नाही हो.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आला, खूप आला. घर उघड झालं की ते सगळ्यांनाच सोडावं लागतं. आमच्यामुळे सगळ्या बायका पोराबाळांसकट उठल्या. शेजारच्या खोलीतल्या नर्सला जवळच्याच दवाखान्यात कायमची नोकरी मिळणार होती, ती हातची गेली. सामान बांधताना ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण राग काढायला हे पत्र लिहीत नाहीये. तो जामिनावर सुटलाय. तुझ्याकडे पुन्हा येईल, पुन्हा रडेल. त्याला रडता फार छान येतं, मी त्यालाच तर भुलत आले. दार उघडू नकोस, आई. काही म्हणजे काही सांगू नकोस. पोरीचा दात पडला, हेसुद्धा नाही.

आणि आता खरं काम. इथून मी दोनदा फोन केला तेव्हा भिंगरी झोपलीये असं दोन्ही वेळा सांगितलं. ती झोपली नव्हती, माझ्या शेजारीच बसली होती. फोन पुढे केला की मान हलवते. फाटकाआडून तिनं त्याचं सगळं ऐकलंय. त्या रात्री मला म्हणाली, "आई, मी टाकी सांगितली म्हणून बाईंची बोटं मोडली ना?" मी नाही म्हटलं, जवळ घेतलं, शपथ घेतली. तिला ते पटत नाही. म्हणते, तू आई आहेस, तू असंच म्हणणार.

तुझं मात्र ती ऐकते. म्हणून बुधवारी फोन लावेन तेव्हा तो तिच्या कानाला धरेन. ती बोलणार नाही, तरी तू बोल. तिची चूक नव्हती हे तिला सांग. तुझी होती असं सांगितलंस तरी चालेल. एवढं कर माझ्यासाठी. तुझ्या खिडकीतलं खरं-खोटं काय हवं ते सांग तिला. तिच्या खिडकीतलं मात्र विचारू नकोस.

पत्र लिहितेय हे तिला कळलंय. मघाशी म्हणाली, "आजीला लिही, या घराला खिडकी नाहीये."

खिडकी आहे, आई. चांगली मोठी आहे. आल्या दिवशीच तिनं पडदा ओढला आणि त्याला सेफ्टी पिना लावून टाकल्या. मी अजून त्या काढलेल्या नाहीत.

दिवा लावून लिहिणारी,
तुझी मुलगी