यादीतलं चौथं गाणं

छकुले,

तू निवडून दिलेली गाणी हेडफोन लावून ऐकत रंधा मारत होतो. पहिलं धिंगाण्याचं, फळी लवकर गुळगुळीत झाली. दुसऱ्यातला पोरगा प्रेमात पडलाय की त्याचा दात दुखतोय, कळलं नाही. तिसरं आजीच्या कानाला लावलं, तिने मान डोलावली. चौथं लागलं आणि रंधा हातातच राहिला. नुसती गिटार आणि एका मुलीचा आवाज. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ओळखलं, ही तर तू.

पन्नास वर्षं लाकूड तासतोय, इतकं नितळ काम माझ्या हातून कधी झालं नाही.

तू मला लिहायला शिकवलंस, म्हणून लिहूनच सांगतो. गाणं सोड म्हणालो, ते चुकलं. आज मैत्रिणीला देऊन टाकणार होतीस ती गिटार मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. किल्ली माझ्या खिशात. संध्याकाळी समोर बसून गा, मग देतो.

आजोबा