छत्रीवाल्याचं नवं चित्र

पॅरिस, मंगळवार

प्रिय ओनोरीन,

तुझं पत्र मिळालं. स्वयंपाकघराचं दार अडकतंय, रोज खांद्यानं ढकलावं लागतंय, आणि बर्फाच्या ओलीनं लाकूड फुगलंय असं तू म्हणतेस, ते वाचून मी हसलो होतो. आईला भिंतीत उंदीर कुरतडताना ऐकू येतात आणि मांजर मात्र ढिम्म बसून असतं, त्याचंही हसू आलं होतं. आज मात्र हसू येत नाही. माझं अक्षर नेहमीच कोंबडीच्या पायांसारखं, त्यात आज घाईत लिहितोय. सांभाळून वाच.

काम पुन्हा बदललं. ओरडू नकोस. गोदामात जीव रमेना, म्हणून आता दुकानांच्या काचा पुसतो. आज नदीपलीकडच्या एका चित्रांच्या दुकानात पाठवलं, आणि आत बघतो तर भिंतीवर आपलं गाव, व्हालसेर! छत्रीवाल्याचं. दर द्राक्षतोडणीला येतो आणि ओढ्यापलीकडच्या कड्यावर छत्री रोवून बसतो, तो आपला चित्रकार. त्याची जुनी-नवी चित्रं ओळीनं टांगली होती.

पहिलं तुला आठवत असेल. कौलं मोजून घ्यावीत असं, सगळं जिथल्या तिथे. तरी खानावळवाल्या आन्सेल्मकाकांनी त्याला झापलंच होतं, ‘अहो, माझ्या दाराला कडी कुठाय? चोर शिरले तर तुम्ही भरून देणार?’ त्या चित्रात आपल्या घराची ओढ्याकडची भिंतही आहे आणि तिच्यावर बाबांचा साक्षीदार, नखाएवढा पांढरा. कमरेला दोर बांधून बाबा खाली उतरले होते, भिंतीच्या तड्यावर आडवी प्लास्टरची पट्टी थापली होती आणि तिच्यात खिळ्यानं साल कोरलं होतं. गवंडी लोक तिला साक्षीदार म्हणतात. वर आल्यावर हात पुसत म्हणाले होते, ‘प्लास्टर ताणलं जात नाही, पोरांनो. भिंत हलली की हा तुटणार. आणि तुटला, तर भांडीकुंडी गोळा करत बसायचं नाही.’ ती बाजू गावातून दिसत नाही. फक्त छत्रीवाल्याच्या कड्यावरून दिसते, आणि तिकडे आपल्यातलं चढतं कोण?

नंतरच्या चित्रांत घरं वाकायला लागतात. तेव्हा खानावळ किती हसली होती, ‘छत्रीवाल्याला आपली वाइन चढली रे, घरंसुद्धा झिंगलीत!’ शेवटचं चित्र गेल्या तोडणीचं. त्यात कौलं नाहीत, खिडक्या नाहीत, माणसं नाहीत. नुसते रंगांचे ठोकळे, काळ्या जाड रेघांनी बांधलेले. चर्चचा मनोरा तेवढा ओळखू येतो. सगळे ठोकळे त्या मनोऱ्याकडे कललेत, आपला एकटा ओढ्याकडे. सारं गाव पुसून टाकलं त्यानं, पण तो पांढरा ठिपका ठेवलाय. आणि ओनोरीन, ठिपका एक नाही, दोन आहेत. मधून काळी रेघ गेलीय.

मी दुकानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बाळा, ही त्यांची नवी शैली. आता ते दिसतं ते काढत नाहीत, वाटतं ते काढतात.’ मग आमच्याच घराबद्दल त्यांना असं का वाटलं, म्हटलं. तर म्हणतात, ‘तिथे उजेड हवा होता त्यांना. तू काच पूस.’ बादली तिथेच टाकून मी रस्त्यावर आलो. बाई खरं बोलत असतील. देव करो, नुसती शैलीच असो. पण शैलीनं तुझं दार कसं अडकेल? आणि उंदीर असते तर मांजर बसून राहिलं असतं का?

तारच करणार होतो. पण ‘घर सोडा’ एवढंच वाचून तू म्हणाली असतीस, याचं डोकं पुन्हा फिरलं, म्हणून हे सगळं लिहिलं. आईची खाट त्याच भिंतीला लागून आहे आणि बर्फ वितळलं की ओढा भिंतीच्या पायाशी येतो. मालक शनिवारपर्यंत सोडत नाही, पण माझी वाट बघू नकोस. हे वाचलंस की आईला उठव. शिव्या देईल, देऊ दे. तिला आन्सेल्मकाकांकडे नेऊन बसव. मग हवं तर कड्यावर चढ, तो छत्री रोवतो तिथे उभी राहा आणि बघ. साक्षीदार अखंड असला तर भर खानावळीत मला वेडा म्हण, जन्मभर ऐकून घेईन. पण आधी आईला बाहेर काढ, मग बघायला जा. आणि दार अडकलं तर खांद्यानं ढकलू नकोस गं. अंगणाकडच्या खिडकीतून उतरव तिला.

तुझाच, पाय एका जागी न ठरणारा भाऊ,
बास्तियाँ