वाचवलेला अर्धा तास

गुलमंडी, सोमवार

प्रिय करुणा,

कॉलेज सोडून सात महिने झाले. तुझे तीन मेसेज नुसते वाचून ठेवलेत. राग तुझ्यावर नव्हता. राग राजकुमार सरांवर होता, आजही आहे. चौदा वर्षं मायक्रोवेव्ह सर्किट शिकवतात, पण प्रयोगशाळेत येतात ते फक्त पाहुण्यांना सिग्नल मोजायचं मशीन दाखवायला. त्या दिवशी आपल्या लॅबमधल्या विश्वजीतच्या फिल्टरमध्ये सिग्नल जास्त गळतोय म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, "करुणाचा फिल्टर बघ आणि तुझी ही चाळणी बघ." पोरगं रडकुंडीला आलं. मी उठून विचारलं, "सर, मशीनला हात लावून किती वर्षं झाली तुम्हाला?" मग रजिस्टर आपटलं, ते जरा जोरात आपटलं. त्यांनी माफीनामा मागितला, मी दिला नाही. एम.टेक.चं दुसरं वर्ष तिथंच संपलं. लई गरम डोक्याचा, म्हणे. असू दे.

आता बन्सीमामाच्या मोबाईल दुकानात बसतो. मामा म्हणतात, "इंजिनीअरसाहेब, आधी चार्जिंगची पिन बसवा, मग लाटा मोजा." हात चालतात, मन नाही. गिऱ्हाईक 'रेंज नाय येत' म्हणालं की मला तू दिसतेस, केस वर बांधून, ओठ दाताखाली धरून, फिल्टरच्या तळहाताएवढ्या बोर्डावर सोल्डरचा डाग देताना. कधी बोललो नाही. तुला कळलं असेल, किंवा नसेलही.

परवा विश्वजीत फुटकी स्क्रीन घेऊन आला. गुरुवारी तुझी व्हायवा आहे आणि बाहेरच्या परीक्षकांना तुझा फिल्टर समोर मोजून बघायचाय, असं त्यानं सांगितलं.

तुझ्या फिल्टरचं ते माप खोटं आहे, करुणा. आणि ते मी केलंय. मोजण्याआधी मशीनला केबलची ओळख करून द्यायची, जुळणी करायची, म्हणजे केबलची स्वतःची गळती हिशेबातून निघून जाते. त्याला अर्धा तास लागतो. तुझा फिल्टर मोजला त्या दिवशी सकाळीच चांगली नवी केबल लावली होती. तुला मामेबहिणीच्या हळदीसाठी पाचची सिल्लोड गाडी गाठायची होती. मी जुन्या केबलची कालची जुळणी तशीच उघडली. नव्या केबलमध्ये जी गळती नव्हतीच, ती मशीन वजा करत राहिलं, आणि तुझा फिल्टर होता त्याहून सरस दिसला. वाचलेल्या अर्ध्या तासात तुला माझ्या गाडीवर स्टँडला नेलं, आपण चहा प्यायलो. एवढ्यासाठी. तू परत येईपर्यंत सरांनी तो आलेख परिषदेला पाठवला होता, पेढे वाटले होते. माझी जीभ उचलली नाही. विश्वजीतचा आकडा खरा होता. रजिस्टर आपटलं तेव्हा अर्धा राग माझा माझ्यावरच होता.

गुरुवारी खरा आकडा आला की सर हात वर करतील आणि आकडे बनवल्याचा ठपका तुझ्यावर येईल. म्हणून उद्याच नव्यानं जुळणी करून मोज आणि हे पत्र सरांपुढं ठेव. मेसेज कुणीही खोटा म्हणेल, म्हणून कागदावर लिहिलं, पूर्ण नावानं सही केली; आज विश्वजीत स्क्रीन न्यायला येईल, त्याच्याच हाती पाठवतोय. एकही ओळ झाकू नकोस. चहाचंही वाचू दे त्यांना. त्याशिवाय मी जुळणी का टाळली, ते त्यांना कळायचं नाही.

तुझाच,
सत्यम पुंजाराम काकडे