माळावरची बाजरी आणि नीरेकाठचा ऊस

बावडा, मंगळवार

बारामतीच्या बोर्डिंगात एका कंदिलाखाली माझ्यासोबत कविता पाठ केलेल्या सावळारामरावांस जयवंताचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे साष्टांग फक्त कागदावर).

तुझा दमा कसा आहे? मोरगावच्या माळावर वारा फार, तेव्हा मफलर सोडू नकोस. वहिनींना नमस्कार. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता लांबचं स्पष्ट दिसतं, म्हणजे साठ वर्षांपूर्वीचं तर फारच. गुरुजी लिंबाखाली चालीवर कविता म्हणायचे, आपण मांडीवर ताल धरायचो आणि तू मध्येच स्वतःची ओळ घुसवून छड्या खायचास, हे परवा दुपारी असं डोळ्यांपुढं आलं की चहावर साय धरली.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण मला लेखी उत्तर हवं आहे (आणि फोनवर तू हसत सुटशील). पुढच्या रविवारी नात राजेश्वरीचं लग्न आहे, पत्रिका पोचली असेलच. ती इथल्या शाळेत नववीला शिकवते. यंदाच्या गॅदरिंगचा व्हिडिओ पोरांनी मोबाइलवरून इंटरनेटवर चढवला, पण सिनेमाची गाणी न विचारता वापरली म्हणून तिथल्या कंपनीनं सगळा आवाजच उडवला. तेरा पोरी मुक्यानं लावणी नाचतायत, असं ते दृश्य (मागं हेडमास्तर तोंड हलवतायत, तेही मुके). तेव्हा राजेश्वरी म्हणाली, "आबा, दुसऱ्याची कला वापरताना विचारावं लागतं, हे तुम्ही पोरांना समजावून सांगा. तुमचं ऐकतील." मी इस्त्रीचं धोतर नेसून गेलो.

भाषण रंगलं, हे मीच सांगतो. पाऊण तास कवितेवर गेला, पण उरलेल्यात मी ठणकावून सांगितलं की रचना ज्यानं केली त्याची. म्हणायची तर आधी विचारायचं आणि नाव घ्यायचं. एखादा शब्द बदलला म्हणून ती आपली होत नाही. आणि मग अस्सल, स्वतःच्या रचनेचा नमुना म्हणून मी मंगलाष्टक म्हटलं. तेच, जे गेली पन्नास वर्षं बावड्यातल्या प्रत्येक मांडवात मी माइक धरून म्हणतो आणि ज्याच्याशिवाय इथं अक्षता पडत नाहीत. ‘नीरेच्या तिरि ऊस डोलत उभा, वारा सुखावे मना’. टाळ्या पडल्या. त्या भरात मी गृहपाठ दिला की घरातलं एक गाणं शोधा आणि ते कुणी रचलं ते विचारून या.

(माणसानं टाळ्यांनंतर लगेच घरी जावं.)

दुसऱ्या दिवशी गृहपाठ तपासायला गेलो, तर पुढच्या बाकावरची वैष्णवी उठली. हातात गुलाबी कागद, लॅमिनेशन केलेला. तिची आजी रंगूबाई माहेरची मोरगावची, हे मला काय माहीत? तिच्या लग्नात वाटलेली ती मंगलाष्टकं. ‘माळाच्या वर बाजरी बघ डुले, वारा सुखावे मना’. खाली ठसठशीत, ‘रचना : सावळाराम, मोरगाव’.

"सर, आजी म्हणती, ह्ये आमच्या सावळारामदादाचं हाय. आन् म्हणती, मास्तरांनी बाजरी कुठं टाकली इचार."

मी म्हटलं, पोरी, हे रूपांतर आहे, कोरडवाहूचं बागायत केलंय. ती म्हणाली, "पण सर, काल तुमीच म्हणलात, शब्द बदलला तरी इचारावं लागतं." अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. इतकं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं, सावळ्या, आणि ऐकलं ते नेमकं या वेळी.

संध्याकाळी राजेश्वरीनं ताट वाढलं आणि सांगितलं, "आबा, माझा वर्ग लग्नाला येणार आहे. सावळारामआजोबांची परवानगी आली तर म्हणा. नाहीतर भटजी म्हणतील तेवढं पुरे." ती तान्ही असताना मांडीवर घेऊन मी याच ओळींवर तिला निजवायचो. तिच्या मांडवात मी गप्प बसायचं, हे काही गळ्याखाली उतरत नाही. आमटीही उतरली नाही.

तेव्हा चार ओळींची परवानगी सहीनिशी पाठव. तुझं नाव मी माइकवरून घेईन, गावासह.

तुझा,
जयवंता

ता. क. रंगूबाईच्या कागदावर साल बहात्तर आहे. माझं लग्न पंचाहत्तरचं. तू मांडवात सर्वांदेखत म्हणाला होतास, "ही रचना खास जयवंतासाठी केली, आजवर कुणाच्या कानावर पडलेली नाही." मी काही म्हणत नाही. वैष्णवी म्हणेल.

आणखी ता. क. खरं सांगायचं तर परवानगी टपालानं पाठवू नकोस, ती घेऊन तूच शुक्रवारी ये. मंगलाष्टकांच्या पाचशे प्रती गेल्या आठवड्यातच इंदापुरात छापून आल्या आहेत आणि सगळ्यांच्या खाली ‘रचना : जयवंत गुरुजी’ आहे. राजेश्वरी म्हणते, हातानं दुरुस्त करा. माझ्या नावावर काट मारायचं मी बघतो. तुझं नाव मात्र तुलाच लिहावं लागेल, पाचशे वेळा (पेन मी देतो).