शर्टावरची पट्टी

दोहा, शुक्रवार, नोव्हेंबर २०१९

संदीपच्या नव्या शर्टावर साइजची 'एल-एल-एल' छापलेली पट्टी तशीच चिकटलेली होती. अल मन्सूरा भागातून तो आमच्या गाडीत बसला तेव्हाच मला दिसली. सांगितलं नाही. पुण्याहून आलेली नणंद शेजारी होती, तिला दोहा दाखवायला निघालो होतो. "हा कोण गं?" तिने हळूच विचारलं. "गावाकडचा. वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर इलेक्ट्रिशियन आहे." सख्खा मावसभाऊ आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

आधी समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावरच्या यॉट पाहिल्या, मग मॉलकडे वळलो. आत छताला रंगवलेलं आकाश, खाली कालवा आणि होड्या. संदीपला ते आकाश कधीचं पाहायचं होतं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मॉल फक्त कुटुंबांसाठी; एकट्या पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणूनच त्याने मला गळ घातली होती.

हे गाडी लावायला गेले. दारात गार्डने संदीपला अडवलं. आधी ती पट्टी पाहिली, मग मला विचारलं, "मॅडम, ये आपके साथ है?"

नणंद माझ्याकडे पाहत होती. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. काय शोधत होते? काहीच नाही.

"नहीं भाई, अकेला हूँ," संदीपच हसून म्हणाला आणि मागे फिरला.

होडीतले माझे फोटो चांगले आलेत.

आत्ता त्याचा फोन आला. आता मला बोल लावेल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

"ताई, शर्टावर पट्टी राहिली होती गं. नणंदेसमोर तुला किती लाजल्यासारखं झालं असेल!"

"मला दिसलीच नाही रे," मी म्हणाले.